धुराड्याची झडप

स्वयंपाकघरांत विजेची चिमणी लावून तिचा नळ भिंतीबाहेर काढला, म्हणजे काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ज्या वाटेनें आपल्या फोडणीचा धूर बाहेर जातो, त्याच वाटेनें पंखा थांबतांच पावसाळी वारा, झुरळें आणि धुराडें सामायिक असल्यास खालच्या बिऱ्हाडांतील तळणाचा वास आंत येतो. ह्यास आळा घालणाऱ्या एकमार्गी झडपेस इंग्रजींत डँपर म्हणतात. पंख्याच्या झोतानें ती उघडते व झोत थांबला कीं स्वतःच्या भारानें अथवा बारीक स्प्रिंगनें मिटते. जाणाऱ्यास वाट आणि येणाऱ्यास मज्जाव, एवढेंच तिचें काम. पण कारागीर घाईंत असला तर नेमकें उलटें होतें.

झडपेवर बाण असल्यास त्याचें टोंक घराबाहेरच्या दिशेस असावें. भारानें मिटणारी एकपाती झडप आडव्या नळांत बसवितांना बिजागरी वरच्या अंगास पाहिजे; ती खालीं आली तर पातें सदा उघडेंच पडून राहील. दोन पात्यांच्या झडपेची मधली दांडी मात्र उभी ठेवावी, म्हणजे दोन्ही पातीं सारखीं उघडतात.

खरा घोटाळा होतो तो स्क्रूंचा. लांब स्क्रू नळाच्या आंत घुसला कीं पातें त्याला अडतें. मग चिमणी गुरगुरते आणि धूर ओट्यावरच घोटाळतो. म्हणून झडपेजवळचा जोड अल्युमिनियमच्या चिकटपट्टीनें बंद करवून घ्यावा. नवीन झडप प्रवासांत हलूं नये म्हणून तिला कधीं कधीं कागदी पट्टी लावलेली असते, तीही काढली कीं नाहीं तें पाहावें. नळ जोडण्यापूर्वीं पातें बोटानें उघडून सोडावें. तें आपोआप मिटलें तरच मजुरी चुकती करावी. पुढें तेलाच्या थरानें पातें चिकटतेंच, तेव्हां झडप हात पोंचेल अशा जागीं हवी.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. अशी झडप गॅसच्या गीझरच्या धूरनळींतही बसवूं, असें कोणीं सुचविल्यास साफ नकार द्यावा. पंखा नसलेल्या गीझरचा धूर केवळ ऊन हवेच्या मंद ओढीनें वर चढतो. ती ओढ अडली कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु घरांतच सांचतो, आणि त्यास ना रंग, ना वास. शिवाय सर्व खिडक्या लावून चिमणी चालविली, तर ती हवा कोठून तरी ओढणारच. ती गीझरच्या नळींतूनही उलटी येऊं शकते. चिमणी चालूं असतां स्वयंपाकघराची एक खिडकी चांगली उघडी ठेवावी, थंडीच्या दिवसांतसुद्धां.