मोहीम म्हणायची, तर वहीसुद्धा आणा

मंडळाच्या स्मरणिकेत भांडण उकरून काढू नये, एवढे मला कळते. इथे आठवणी याव्यात, पाककृती याव्यात, मुलांची चित्रे यावीत. पण गेली दोन-तीन वर्षे आपल्या घरोघरी ज्या गोष्टीचे फार कौतुक चालले आहे, तिच्याविषयी कोणीतरी चार कडू शब्द बोलायला हवेत. संपादकांनी जागा दिली आहे, तेव्हा बोलतो.

विषय आहे वन्यजीव छायाचित्रणाच्या 'मोहिमां'चा. हिवाळा लागला की निमंत्रणे सुरू होतात. गेल्या वर्षी एका हौशी गटाचे आम्हालाही आले : 'संकटग्रस्त प्रजातींचे दस्तऐवजीकरण, स्थळ समैस्मा, शुक्रवारी पहाटे पाच, नाश्त्यासह.' दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या वाटेवरचे हे जुने कोळ्यांचे गाव. तिथली तिवरांची झाडे आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल मला फार आवडतो. म्हणून मी आनंदाने गेलो.

तिथे काय झाले? दीडशे-दोनशे फ्लेमिंगो उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होते. वीस जणांनी तिकाठ्या लावल्या. पंधरा मिनिटांत सगळ्यांचे 'उभे' फोटो झाले. मग 'उडतानाचे' हवेत म्हणून दोघेजण चिखलात शिरले आणि टाळ्या वाजवू लागले. थवा उठला. एकच जल्लोष झाला. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने पायाजवळच्या चिखलात टोचत फिरणाऱ्या करड्या पक्ष्यांकडे बोट दाखवून विचारले, "काका, हे कोण?" म्होरके म्हणाले, "ते सोड गं, ते नेहमीचेच. फ्लेमिंगो बघ!"

माझे सारे भांडण या एका वाक्याशी आहे.

कारण मोठा फ्लेमिंगो हा संकटग्रस्त पक्षी नाही. आययूसीएनच्या, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो 'चिंता नसलेल्या' वर्गात आहे. आणि ते 'नेहमीचे' करडे पक्षी? त्यांत होते चिखल्याच्या कुळातला ग्रे प्लोव्हर आणि तुतवाराच्या कुळातला बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर. याच संघटनेने २०२४ साली या दोन्ही जाती 'असुरक्षित' ठरवल्या, कारण जगभरात त्यांची संख्या घटत चालली आहे. म्हणजे संकटग्रस्त प्रजातींच्या मोहिमेत खरोखर संकटात असलेले पक्षी आमच्या बुटांपाशी होते आणि त्यांचा एकही फोटो निघाला नाही. ते गुलाबी नाहीत, हा त्यांचा गुन्हा.

आता टाळ्यांविषयी. "दोन मिनिटे उडाले तर काय बिघडले?" असे मला ऐकवण्यात आले. बिघडते. हे छोटे पक्षी उन्हाळ्यात थेट आर्क्टिकच्या बाजूला, सैबेरियाच्या उत्तरेला अंडी घालतात आणि थंडीत आखाताच्या किनाऱ्यांवर येतात. कर्ल्यू सँडपायपरचे वजन जेमतेम साठ ग्रॅम. परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी लागणारी चरबी त्याला याच चिखलातल्या किड्यांतून आणि शिंपल्यांतून साठवायची असते. चिखल मोकळा असतो तो फक्त ओहोटीचे काही तास. त्या वेळात आपण थवा तीनदा उठवला, तर त्याचे खाणे तीनदा थांबते आणि साठवलेले खर्च होते, ते वेगळेच. आपल्या ताटावरून कोणी तीनदा उठवले तर आपण काय म्हणू?

"पण फोटोंमुळेच जागृती होते!" हा दुसरा मुद्दा. काही अंशी खराही. फोटो पाहूनच अनेकांची पावले निसर्गाकडे वळली आहेत. पण फोटोची हाव काय करते, तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. प्रकरण एवढे गाजले की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले. पण गाड्या पुढे दामटायला सांगणारे आणि कॅमेरे रोखून बसलेले पर्यटक आपल्यासारखेच सुशिक्षित, हौशी लोक होते. ती कसली जागृती?

इथेही तोच धोका आहे. कतारच्या उत्तरेला फुवैरितच्या किनाऱ्यावर हॉक्सबिल जातीची कासवे अंडी घालतात. ही जात नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. म्हणून सरकार दरवर्षी एप्रिल ते जुलै हा किनारा बंद ठेवते. वाळूवर आलेली मादी उजेडाने बिचकून अंडी न घालताच परत फिरू शकते, आणि पिल्ले उजेडाच्या मागे भलतीकडे भरकटतात. तरी "एखादी ओळख काढून रात्री जाता येईल का?" असे विचारणारे महाभाग मला आपल्यातच भेटले आहेत. आणि फोटोखाली जागेचा नेमका पत्ता टाकणारे तर कितीतरी.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. घरटे कधी मिळाले, अंडी किती, पिल्ले किती समुद्रात गेली, हे तिथे वहीत लिहिले गेले. कासव महोत्सव नंतर आला, कॅमेरे त्याहून नंतर. आधी वही, मग कॅमेरा. दस्तऐवजीकरण म्हणतात ते याला. काय पाहिले, कुठे, कधी, किती आणि ते काय करत होते, या पाच प्रश्नांची उत्तरे नसतील, तर कितीही सुंदर फोटो हा फक्त सुंदर फोटो असतो. तो काढायला माझी ना नाही. पण मग त्याला सहल म्हणा. मोहीम म्हणू नका.

समैस्माविषयी हे आत्ताच म्हणण्याचे कारण आहे. २०२४ साली इथल्या किनाऱ्यासाठी मोठा पर्यटन प्रकल्प जाहीर झाला : सात किलोमीटरचा समुद्रकाठ, ऐंशी लाख चौरस मीटरहून जास्त जागा, दोन हजार कोटी रियालचा खर्च. हॉटेले, बंगले, थीम पार्क, गोल्फचे मैदान. कोणी काय बांधावे हे ठरवणे यजमान देशाचा हक्क आहे. आपण पाहुणे आहोत, त्यावर मला बोलायचे नाही. पण किनारा बदलणार हे नक्की. उद्या कोणी विचारले, "यापूर्वी इथे किती पक्षी उतरत, कोणत्या महिन्यात, कोणत्या चिखलावर?" तर आपण काय दाखवणार? एकाच थव्याचे चारशे गुलाबी फोटो?

"एवढा मोठा प्रकल्प येतोय, तिथे आमच्या टाळ्यांचे काय घेऊन बसलात?" असेही एकाने विचारले. माझे म्हणणे असे, की प्रकल्प आपल्या हातात नाही, टाळ्या आहेत. आणि नोंद ठेवणेही आहे. "आपला काय संबंध, आज इथे, उद्या पुण्यात," असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की याच जातींचे पक्षी उरण आणि ऐरोलीच्या खाडीतही उतरतात. त्यांना व्हिसा लागत नाही.

तेव्हा नुसती टीका नको, सूचनाही ऐका. ऑक्टोबर ते एप्रिल, महिन्यातून एक शुक्रवार. समैस्माच्या किनाऱ्यावरच्या त्याच दोन जागा, ओहोटीची तीच वेळ. सात-आठ कुटुंबे पुरेत. दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे, एकाने लिहायचे, एकाने ओळख पटण्यापुरते फोटो काढायचे. दरवेळी एक फोटो त्याच ठिकाणाहून नुसत्या किनाऱ्याचा. पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली, की आपण जास्त जवळ आलो आहोत, मागे सरकायचे. आकडे ई-बर्डवर टाकायचे. तिथे जगातला कोणताही अभ्यासक ते वापरू शकतो. दर जानेवारीत आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना होते, १९६७ पासून. तिचा पायाही असाच आहे : त्याच जागी, त्याच ऋतूत, पुन्हा पुन्हा जाऊन मोजणे. भारी लेन्स लागत नाही. दुर्बीण, वही आणि चिकाटी लागते.

आणि वही मुलांच्या हातात द्या. "हे कोण?" असे विचारणाऱ्या त्या मुलीला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. तिला नाव सांगा, मोजायला बसवा. आपल्यापैकी बरेच जण इथे दहा-पंधरा वर्षे राहतात. एवढ्या वर्षांची एका किनाऱ्याची नोंद ही यजमान देशाला देण्यासारखी चांगली भेट आहे.

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत फ्लेमिंगोंचे रंगीत पान जरूर छापा. पण त्याच्या समोरच्या पानावर समैस्माच्या सात शुक्रवारांचा साधा काळापांढरा तक्ता असू द्या. ज्यांची यायची तयारी असेल, त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे नाव द्यावे. माझे मी आजच दिले आहे. नाश्ता आपापला आणावा.