गाणाऱ्यानं गावं, बोलू नये?

९ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात गुलाम अली गाणार होते. जगजितसिंग यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशीची ही मैफल. इकडच्या एका गझलगायकाला तिकडच्या गझलगायकानं वाहायची आदरांजली, एवढंच तिचं स्वरूप. शिवसेनेनं इशारा दिला आणि संयोजकांनी कार्यक्रम रद्द केला. पुण्याचाही झाला नाही. मुख्यमंत्री आपले नागपूरचे देवेंद्र फडणवीस. संरक्षण देऊ, असं सरकारनं सांगितलं होतं. पण इशारा देणारा पक्षही त्याच सरकारात बसलेला. संयोजकांनी दोन्हींपैकी कोणाचा शब्द खरा मानला, हे वेगळं सांगायला नको. १९९८ मध्येही याच शहरात त्यांची मैफल उधळली गेली होती.

गुलाम अलींनी असं काय म्हटलं होतं? काहीच नाही. सीमेवर जवान धारातीर्थी पडत असताना तिकडच्या माणसाचं गाणं कसलं ऐकता, हा मुद्दा होता. पुढच्याच जानेवारीत ते कोलकात्यात गायले. देश तोच, सीमाही तीच.

आता ज्यांनी खरोखर तोंड उघडलं त्यांचं काय झालं ते पाहा. अर्था किट नावाची अमेरिकन गायिका. जानेवारी १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी तिला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. विषय होता मुलांमधली वाढती गुन्हेगारी. किटबाईंनी सरळ सांगितलं, तुम्ही आमची चांगली मुलं व्हिएतनामला मरायला पाठवता, मग उरलेली बिघडणार नाहीत तर काय होईल? झालं! मायदेशातली कामं आटली, पोटासाठी युरोप गाठावा लागला. अमेरिकेच्या हेरखात्यानं तिच्यावर टिपणंही तयार केली होती, हे १९७५ मध्ये उघड झालं. एका जेवणाच्या टेबलावरच्या चार वाक्यांची ही किंमत.

पस्तीस वर्षांनी तोच प्रयोग नव्या पात्रांनी झाला. १० मार्च २००३ ला, इराकवरच्या हल्ल्याला दहा दिवस उरले असताना, 'डिक्सी चिक्स' या गायिका-त्रयीतली नॅटली मेन्स लंडनच्या रंगमंचावरून म्हणाली की हे युद्ध आम्हाला नको, आणि आमचा राष्ट्राध्यक्ष टेक्सासचा आहे याची आम्हाला लाज वाटते. त्या स्वतः टेक्सासच्या, म्हणून ते जास्तच झोंबलं. नभोवाणी केंद्रांनी त्यांची गाणी थांबवली, लुइझियानात त्यांच्या तबकड्या ट्रॅक्टरखाली चिरडल्या गेल्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध पुकारलं ती सापडली नाहीत, हेही तोवर जगाला कळलं होतं. म्हणजे त्या बरोबर ठरल्या, असं अनेक जण सांगतात. मला तो युक्तिवाद पटत नाही. उद्या शस्त्रं सापडली असती तर काय त्या ट्रॅक्टरवाल्याचं बरोबर ठरलं असतं? चुकीचं मत बाळगण्याचाही माणसाला हक्क असतो; नाहीतर आपल्यापैकी कितीजण बाहेर राहतील!

बरं, गप्प राहिलं की सुटका होते, असंही नाही. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर चाल केली. युरी शेवचुक या रशियन गायकानं उफा शहरातल्या कार्यक्रमात युद्धाविरुद्ध बोलून दाखवलं, त्याला दंड झाला. त्याच वर्षी म्युनिकच्या वाद्यवृंदानं आपला रशियन संचालक वालेरी गेर्गिएव्हला काढून टाकलं, कारण तो युद्धाविरुद्ध बोलायला तयार नव्हता. आणि आपल्या अदनान सामीचं पाहा. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर त्यानं पंतप्रधानांचं आणि लष्कराचं अभिनंदन केलं, तर पाकिस्तानातून शिव्यांचा वर्षाव. बोललं तरी मार, नाही बोललं तरी मार, दुसऱ्या बाजूनं बोललं तरी मारच.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६५ नंतर पाकिस्ताननं आपले चित्रपट चाळीसेक वर्षं बंद ठेवले. तिकडचे गायक इकडे येऊन तुडुंब सभागृहात गायले, आणि लताबाईंचा एकही जाहीर कार्यक्रम तिकडे झाला नाही. हा एकतर्फी व्यवहार खुपणाऱ्याला मूर्ख म्हणून निकालात काढता येत नाही. शिवाय आपलं नागपूर काही युद्धापासून फार दूर नाही. अंबाझरीला दारूगोळ्याचा कारखाना, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र. इथल्या कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला फोटो असतो.

त्या घरांतली माणसं मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहेत. नोकरीतली काही वर्षं कामठीच्या बाजूच्या एका शाखेत गेली. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनवाले हयातीचा दाखला द्यायला येत. कारगिलनंतरचा, १९९९ चा नोव्हेंबर. आमचा शिपाई जेवणाच्या सुटीत टेपरेकॉर्डर लावायचा, त्यावर मेहदी हसन लागलेले. एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेलेली एक बाई बाकावर बसली होती. कोण गातो, तिनं विचारलं. नाव आणि गाव कळल्यावर म्हणाली, "बंद कर रे बापू. मले नाही आयकवत." त्यानं लगेच बंद केलं. रांगेतले एक निवृत्त सुभेदार शिपायाला म्हणाले, "बाईसाठी बंद केलं, चांगलं केलं. उद्या लाव पण. रात्री चौकीवर आम्ही लाहोरचंच टेशन ऐकत होतो." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. अंगठा उमटवून, पदराला शाई पुसत निघून गेल्या.

त्या बाईचा हक्क मला निर्विवाद वाटतो. ज्याला ऐकवत नाही त्यानं ऐकू नये, तिकीट काढू नये, इतरांनाही काढू नका म्हणून सांगावं, सभागृहाबाहेर काळी फीत लावून उभं राहावं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातेदार कधीही खातं बंद करू शकतो, कारण द्यायलाही तो बांधील नाही. पण त्यानं शाखेच्या दारात काठी घेऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याला पैसे भरू द्यायचे नाहीत, याला खातं बंद करणं म्हणत नाहीत. गंमत अशी, की दारात काठी घेऊन उभं राहणाऱ्यांत त्या बाई कधीच नसतात. त्यांच्या नावानं दुसरेच उभे असतात.

सरकारनं घातलेली बंदी ही याहून वेगळी गोष्ट. पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते. ऑपरेशन सिंदूर सुरू झाल्यावर, ८ मे रोजी माहिती-प्रसारण खात्यानं पाकिस्तानी मालिका, चित्रपट आणि गाणी इंटरनेटवरून थांबवायला सांगितलं. मेहदी हसनच्या गझलेनं देशाच्या सुरक्षिततेला काय धोका, हे मला अजून उमगलेलं नाही. पण त्या कागदावर खात्याचं नाव आहे, तारीख आहे, त्याविरुद्ध दाद मागता येते. धमकीवर सही नसते.

आणि न्यायालयात काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. पाकिस्तानी कलावंतांना काम देण्यावर सरसकट बंदी घाला, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली. देशभक्त असण्यासाठी शेजारच्या देशातल्या माणसांचा द्वेष करावा लागत नाही, असा निकालाचा आशय होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही याचिकाकर्त्याला परत पाठवलं, इतकं संकुचित होऊ नका असं सुनावून. दोन्ही वेळा बातमी आतल्या पानावर गेली असावी. मैफल उधळली की ती पहिल्या पानावर येते.

गुलाम अलींचं नाव ज्यांच्या नावावरून ठेवलं गेलं ते त्यांचे गुरू, बडे गुलाम अली खाँ. फाळणीनंतर खाँसाहेब काही काळ पाकिस्तानात राहिले, तिथे मन रमेना, म्हणून परतले. मोरारजी देसाईंच्या मदतीनं १९५७ मध्ये त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं, आणि मुंबईत राहायची सोय झाली. मोरारजी काही गझल-ठुमरीत रमणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध नव्हते. मुंबईनं गुरूला घर दिलं आणि ५८ वर्षांनी शिष्याला एक संध्याकाळ दिली नाही.

आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं सभागृह आहे. वसंतराव मूर्तिजापूरचे, नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकलेले. पुढे फाळणीआधीच्या लाहोरात असद अली खाँसाहेबांनी त्यांना मारवा दिला. परत येऊन या माणसानं कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. सकाळी जवानांच्या पगाराचे आकडे, संध्याकाळी लाहोरचा मारवा. त्या सभागृहात आजही मारवा गायला जातो, आणि तो कुठून आला हे दारावर कोणी विचारत नाही.