जिवंत डुक्कर आमच्या शेतात, मेलेले सरकारजमा



रानडुक्कर कोणाचे? प्रश्न पोरकट वाटेल. पण भुईमूग आणि मक्याच्या राखणीसाठी रात्र रात्र जागल करणाऱ्या प्रत्येकाने तो सरकारला एकदा विचारलाच पाहिजे. उत्तर कायद्यात लिहून ठेवलेले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३९. शिकार झालेले, चुकून मारले गेलेले किंवा नुसते मरून पडलेले सापडलेले वन्य जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता. त्याचे मांस, त्याचे कातडे, त्याचे सुळे, सगळे त्यात आले. असे काही तुमच्या हाती लागले तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याकडे वर्दी द्यायची. मग रानात मोकळे फिरणारे जिवंत डुक्कर कोणाचे? त्याबद्दल हे कलम गप्प आहे. तुमचा भुईमूग उकरताना ते कोणाचेच नसते. तुमच्या विहिरीत पडून मेले की ते सरकारचे होते.

जगात मालक पुष्कळ प्रकारचे असतात. पण जनावर चरून येईपर्यंत तोंड लपवणारा आणि मेल्यावर कातड्यावर हक्क सांगायला धावत येणारा मालक आम्ही हा एकच पाहिला. गावात कोणाचा बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला तर कोंडवाडा आहे, दंड आहे, चार माणसांत बोलणी खाणे आहे. सरकारच्या जनावराला कोंडवाडा नाही.

'शिकार' या शब्दाचा या कायद्याने काय अर्थ केला आहे तेही पाहून ठेवा. मारणे आणि विष घालणे तर आलेच. पण पकडणे, फासा लावणे, सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांतले काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणे, ही सगळी शिकारच. 'हत्यार' म्हणजे काय? बंदूक आहे, तीरकमठा आहे, सुरी आहे, आणि जाळे, फासा व सापळाही आहे. जनावर अंगावर आले आणि जीव वाचवताना मेले तर गुन्हा नाही, एवढी दया कायदा दाखवतो. पण ती माणसाच्या जिवापुरती. ज्या पिकावर त्या माणसाचा जीव चालतो, ते वाचवताना मेले तर गुन्हा.

उभ्या पिकाचे नाव कायद्यात नाहीच असे मात्र नाही. कलम ११ म्हणते की, जनावर उभ्या पिकाला धोकादायक झाले आहे अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रोही आणि रानडुकरांसाठी ही परवानगी खालच्या अधिकाऱ्याकडून मिळण्याची सोय केली. कागदावर दार उघडले, पण उंबरठ्यावर बसलाय कोण? अर्ज करा, पाहणीची वाट पाहा, परवानगी घ्या, आणि मग परवान्याची बंदूक असलेला माणूस शोधत फिरा. डुकरांचा कळप एका रात्रीत एकर साफ करतो. सरकारी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती रात्री घेतो हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. आणि एवढे करून मारलेले डुक्कर कोणाचे? पुन्हा कलम ३९. गोळी तुमची, रात्र तुमची, पीक तुमचे, डुक्कर सरकारचे.

कोकणातल्या भावांकडे शेती संरक्षणाच्या बंदुका आहेत. त्यांची कथा वेगळीच. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून नोटिसा येतात. २०१९ साली विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले, २०२४ साली २० नोव्हेंबरला. म्हणजे आचारसंहिता ऐन भात पिकण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत. डुकरांना आचारसंहिता नसते.

आता मुद्द्यावर येतो. हे असे नेहमीच होते काय? नव्हते. या राज्यात रानातले जनावर पकडण्याची विद्या असलेला एक अख्खा समाज आहे, त्याचे नावच त्या विद्येवरून पडलेले आहे. फासेपारधी. बंदूक नाही, स्फोटक नाही. दोरीचा फासा, पायवाटेची ओळख आणि बसून राहण्याचा धीर, एवढ्यावर तित्तिर, ससा, हरीण, डुक्कर पकडणारी ही माणसे. काहींनी तर गाय किंवा बैल शिकवून तयार केलेला असे, त्याच्या आडोशाने ते सावजाच्या जवळ जात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे असल्या जमाती जन्मानेच चोर ठरल्या. स्वतंत्र सरकारने १९५२ साली तो कायदा रद्द केला आणि मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा करून पोलिसांचा संशय जिथल्या तिथे ठेवला. तरीही फासा हातात होता. मग १९७२ आले.

इथे एक गोष्ट बारकाईने वाचा, कारण ती सांगणारे आता फारसे कोणी उरले नाही. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. मोठ्या शिकारीचा परवाना होता, लहान शिकारीचा होता, आणि वन्य जनावरे सापळ्यात पकडण्याचाही स्वतंत्र परवाना होता. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाच तेव्हा कबूल होते की, नियमात राहून जनावर पकडणे हा धंदा असू शकतो. १९८६ च्या दुरुस्तीने जपणुकीच्या यादीतल्या प्राण्यांच्या कातड्यांचा आणि वस्तूंचा व्यापार बंद केला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे सगळे परवाने उडवले, त्यांत सापळ्याचाही गेला. पारध्याला कोणी विचारले नाही. शेतकऱ्याला तर विचारण्याची पद्धतच नाही.

परदेशी पाहुण्यांना शिकार कंपन्यांच्या मचाणावर बसवून वाघ मारू देणारा हाच देश होता. १९७० च्या आसपासपर्यंत ते चालले. साहेबाने मारला तर तो शौक, त्याचे कातडे दिवाणखान्यात. पारध्याने ससा धरला तर तो गुन्हा, आणि त्याचे कातडे पुराव्यात.

बरे, एवढ्या कडक कायद्याने कातड्यांचा मोठा व्यापार तरी थांबला का? ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमध्ये एकाच ठिकाणी कातड्यांचा साठा पकडला गेला : वाघाची ३१, बिबट्याची ५८१, पाणमांजराची ७७८ कातडी. हा माल हिंदुस्थानातून जात होता. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्का या राखीव व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. पहारा होता, गाड्या होत्या, खाते होते. वाघ नव्हते. पुढे या व्यापाराला जबर धक्का बसला तो जानेवारी २००६ मध्ये. आंध्र प्रदेशातल्या अमरावतीला दलाई लामांनी आपल्या लोकांना कातडी अंगावर घालू नका म्हणून सांगितले, आणि तिबेटात लोकांनी आपापल्या घरातली किमती कातडी चौकात आणून जाळली. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. जे आपल्या खात्याला जमले नाही ते एका माणसाच्या शब्दाने झाले.

आमचे म्हणणे कोणी उलटे वाचू नये. वाघ-बिबट्यांची कातडी विकायला मोकळीक द्या, असे आम्ही म्हणत नाही. बंदी कुठे शहाणपणाची होती तेही आम्हाला ठाऊक आहे. सापांच्या कातड्यांची निर्यात १९७६ साली बंद झाली; त्यात धामणीचे कातडे मोठ्या प्रमाणात जात होते आणि धामण म्हणजे शेतातला उंदीर खाणारी. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली, तोवर हजारो टन तंगड्या परदेशी ताटांत गेल्या आणि किडे खाणारा बेडूक आपल्या बांधावरून गेला. त्या दोन्ही बंद्या शेतकऱ्याच्या भल्याच्याच ठरल्या. पण उंदीर खाणारी धामण आणि कपाशी-तुरीत घुसणारा रोही यांना फासेबंदीच्या एकाच दोरीने बांधणे याला आम्ही कायदा म्हणत नाही, कारकुनी म्हणतो. (आणि नावात 'नीलगाय' आले म्हणून ज्यांना पाझर फुटतो त्यांनी एकदा जनावर नीट पाहावे. ती गाय नाही, हरणांच्या गोतातले जनावर आहे.)

बंदीनंतर काय करता येते याचाही दाखला याच देशात आहे. तमिळनाडूतले इरुळा लोक कातड्यांसाठी साप धरत. निर्यात बंद झाली आणि ते उघड्यावर पडले. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारी परवान्याने ठरावीक साप धरायचे, विष काढायचे, साप परत सोडायचे. साप चावल्यावर दवाखान्यात जे औषध टोचतात, त्याच्या विषाचा मोठा वाटा या संस्थेकडून येत राहिला. तीच माणसे, तीच विद्या. तिकडे परवाना मिळाला. इकडे फासेपारध्याला काय मिळाले? पालावर पोलिसांची धाड.

आणि फासा लावणारा हात काढून घेतला की काय होते, ते अमेरिकेतल्या लुईझियानात पाहा. न्यूट्रिया नावाचा उंदराच्या गोतातला, कुत्र्याच्या पिलाएवढा प्राणी तिथे १९३० च्या दशकात फरच्या धंद्यासाठी आणला गेला आणि रानात पसरला. १९७० च्या दशकात तिथले फासेवाले वर्षाला दहा लाखांहून अधिक न्यूट्रिया पकडत, म्हणून तो आवाक्यात होता. १९८० च्या दशकात फरचा भाव पडला, फासेवाल्यांनी धंदा सोडला, आणि न्यूट्रियाने समुद्रकाठची दलदल मुळासकट खायला सुरुवात केली. तिथल्या सरकारने काय केले? २००२ पासून परवानाधारक फासेवाल्याला प्रत्येक शेपटीमागे ४ डॉलर द्यायला सुरुवात केली. पुढे ५ केले, नंतर ६. त्या सरकारला कळले की फासेवाला हा गुन्हेगार नसून राखणदार आहे. तो फुकट राखण करत होता तेव्हा त्याची किंमत कोणाला कळली नव्हती.

आमच्याकडे काय होते? २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने बिहारमध्ये रोह्याला वर्षभरासाठी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून काही दिवसांत दोनशेंहून जास्त रोही मारले. मग मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर भांडण जुंपले. म्हणजे हजार मैलांवरचा बंदूकवाला चालतो, गावच्या वेशीवरचा फासेवाला चालत नाही. केरळने २०२२ साली रानडुकरांपुरता परवानगीचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांना दिला. अधिकार गावात आला, चांगले झाले. पण मारलेले डुक्कर मात्र पुरायचेच. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची यादीच कायद्यातून काढली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या यादीत, आणि त्यांना उपद्रवी ठरवायचे तर दिल्लीने. साध्या गुन्ह्याचा दंड मात्र पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत नेला, ती घाई दिल्लीला जमली.

या सगळ्याचा परिणाम रानात दिसतो. उघड्या मार्गाने काही करता येत नाही म्हणून कोणी कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी वाघ चिकटतो, कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा पोरगा. कोणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो आणि त्यात चुकून गाय जबडा फोडून घेते. ही पातके आम्ही पाठीशी घालणार नाही. वीज सोडणाऱ्याला आम्ही आमच्या सभेत बसू देणार नाही. पण दोरीचा फासा गुन्हा ठरवून माणसाला विजेच्या तारेकडे कोणी ढकलले, हेही विचारल्याशिवाय राहणार नाही.

फाशात बिबट्याही अडकतो, असे खात्याचे साहेब म्हणतील. खरे आहे. चोरून लावलेला फासा सोडून माणूस पळतो, म्हणून अडकलेला बिबट्या तडफडत राहतो. परवान्याने लावलेल्या फाशावर लावणाऱ्याचे नाव असेल, तो दोन वेळा पाहायला येईल, नको ते जनावर सोडवायला खात्याला बोलावेल. आज बोलावले तर तोच आत जातो.

तेव्हा या जिल्ह्याच्या सभेपुढे आम्ही ठराव ठेवतो आहोत. १९९१ साली काढून टाकलेला सापळ्याचा परवाना रानडुक्कर आणि रोही या दोन प्राण्यांपुरता परत आणावा. अभयारण्याच्या बाहेर, शेतजमिनीवर, आणि पहिला हक्क फासेपारधी व परंपरेने फासा लावणाऱ्या इतर समाजांना. तो देण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा. पकडलेल्या जनावराचे मांस, कातडे, केस यांवर ग्रामसभेची मालकी असावी, त्यातून पारध्याची मजुरी निघावी. कलम ३९ त्यापुरते बदलावे. आणि हे करायचे नसेल, मालकी सरकारलाच हवी असेल, तर सरकारने मालकासारखे वागावे : पंचनाम्यात जेवढे पीक गेले तेवढ्याची बाजारभावाने पूर्ण भरपाई द्यावी, मदत म्हणून नव्हे, देणे म्हणून.

सभेला येताना गेल्या दोन हंगामांतल्या पीकनुकसानीच्या अर्जाची पोच, पंचनाम्याची नक्कल आणि जमा झालेल्या रकमेचे बँकेचे पासबुक घेऊन यावे. ज्यांचा पंचनामाच झाला नाही त्यांनी गट नंबर, पीक आणि नुकसानीची तारीख लिहून आणावी. पारधी वस्त्यांवर आपल्या तालुक्याचे कार्यकर्ते निरोप घेऊन जातील. त्यांच्यासाठी सभेत पुढच्या रांगेत जागा ठेवली आहे.