९१६ आणि ११/१२

दशांश अपूर्णांकाचा व्यवहारी अपूर्णांक करण्याची रीत सोपी आहे. दशांशचिन्ह काढून उरलेली संख्या अंश समजावी. चिन्हापुढें जितके अंक असतील तितकीं शून्यें एकावर देऊन छेद करावा. मग दोहोंस त्यांच्या दृढभाजकानें भागावें. ०.३७५ म्हणजे ३७५/१०००. १२५ नें भागिलें कीं ३/८. आमचीं मुलें हें बिनचूक करितात. परंतु आपण काय केलें, हें विचारिलें असतां बहुतेक गप्प बसतात, आणि याचेंच मला वाईट वाटतें.

एकदां मीं वर्गांत ०.९१६ ही संख्या दिली. एकानें रीतीप्रमाणें २२९/२५० असें उत्तर काढिलें. दुसऱ्यानें रीत न करितांच ११/१२ लिहिलें. त्याचें घर इतवारींतील सराफ्याजवळ. "सर, ९१६ म्हणजे बावीस कॅरट, आणि बावीस कॅरट म्हणजे चोविसांतले बावीस," असें त्यानें स्पष्टीकरण दिलें. वर्ग म्हणाला, दोघांचेंही बरोबर. मीं म्हटलें, दोन्ही संख्या समान असल्याखेरीज दोघांचें बरोबर कसें होईल?

अकरास बारानें भागून पहावें. ०.९१६६६... असे सहा येतच राहतात. अतिसंक्षिप्त रूपांतील छेदांत २ आणि ५ यांवांचून दुसरा मूळ अवयव असला कीं दशांश संपत नाहीं, आणि बारांत तीन आहे. अठरा कॅरटला ही अडचण नाहीं. ती बरोबर पाऊण, म्हणून तिची मुद्रा ७५० नेमकी आहे. बाविसाच्या मुद्रेंत मात्र तीन अंकांवर थांबावें लागलें. ११/१२ मधून २२९/२५० वजा केल्यास १/१५०० उरतो. पंधरा ग्रॅमच्या दागिन्यांत हा एक शतांश ग्रॅम सोनें होतो. येथें कोणा सराफास दोष नाहीं. ९१६ हें प्रमाण नियमानेंच ठरलेलें आहे. दोष आहे तो दोन भिन्न संख्यांमध्यें बरोबरीचें चिन्ह घालण्याचा.

न संपणाऱ्या दशांशाचाही अपूर्णांक होतो. त्याची हजारपट ९१६.६६६..., शंभरपट ९१.६६६... ; वजाबाकी केली कीं शेपूट नाहींसें होऊन ८२५ राहतात. म्हणून ८२५/९००, म्हणजेच ११/१२. ही कृति त्या दिवशीं फळ्यावर केली तेव्हां सराफ्याजवळच्या त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

असें तुटलेलें शेपूट आपल्या वडीलधाऱ्यांनीं प्रत्यक्ष हातांत मोजून घेतलें आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे रुपयाचा १/१६, दशांशांत ०.०६२५, म्हणजे सव्वासहा नवे पैसे. अर्धा किंवा त्याहून कमी नवा पैसा सोडून द्यावा, असा नियम असल्यामुळें आण्यास सहाच मिळत. चवलीला साडेबारांऐवजीं बारा. पावलीचे मात्र पुरे पंचवीस. रुपया मोडणारास शंभर मिळाले. एकेक आणा करून सोळा वेळां मोडणाऱ्याच्या हातीं शहाण्णव पडले. आण्याआण्यानें व्यवहार कोण करीत असे, हें सांगावयास नको.

तीं माणसें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ म्हणत. आज वाण्याच्या काट्यावर ०.७५० असे अंक उमटतात आणि मुलगा ते मुकाट्यानें वाचतो. पाऊण किलो म्हणत नाहीं. पालकांनीं त्यास तेथेंच अडवावें, असें माझें मत आहे. काट्यावरील अंक यंत्र लिहितें. तो भाग किती, हें मुलानें सांगितलें पाहिजे.

चौदा कॅरटच्या दागिन्यावर ५८५ हा अंक असतो. तो १४/२४ हून कमी कीं अधिक, हें आज घरीं काढून पहावें. तेथें गोष्ट उलट आहे.