मन सावरले, पण लक्ष लागत नाही

नैराश्य म्हणजे फक्त उदासी, ही समजूत आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. त्यामुळे रुग्ण जेवू-झोपू लागला, चार शब्द बोलू लागला की घरचे त्याला बरा झाला असे समजतात आणि कार्यालयात जुना बोजा पुन्हा त्याच्या टेबलावर येतो. मग हिशेबात चुका होतात, गॅसवरचे दूध उतू जाते, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. ‘मन लावून करत नाहीस’ हे वाक्य ठरलेले असते. हा आरोप अन्यायाचा आहे.

एकाग्रता न होणे आणि साधा निर्णयही घेता न येणे ही नैराश्याच्या निदानाच्या निकषांतलीच लक्षणे आहेत. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. उदासी ओसरल्यानंतरही लक्ष देणे आणि कामाची आखणी करणे या क्षमता अनेकांत कमी राहतात, असे त्यात दिसले.

मेंदूत काय घडते? आपण रिकामे बसलो की स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित असलेले एक जाळे जागे असते. मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये त्याला ‘डिफॉल्ट मोड’ हे नाव रूढ केले. काम सुरू झाले की ते मंदावते आणि लक्ष सांभाळणारे भाग पुढे येतात. नैराश्यात ही अदलाबदल नीट होत नाही, असे बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे. समोर फाइल असते, पण आत ‘माझंच चुकलं’ हे दळण थांबत नाही.

मात्र चित्र सरळसोट नाही. चीनमधील २५ गटांतील १,३०० रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात, नैराश्य पुन्हा पुन्हा झालेल्यांमध्ये या जाळ्यातील जोडणी उलट कमी दिसली. म्हणजे हे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत. एका माणसाचे नैराश्य स्कॅनवरून ठरत नाही. दुसऱ्या आजाराची शंका असेल तर एमआरआय जरूर करावा. केवळ ‘डिप्रेशन दिसतं का’ हे पाहण्यासाठी कर्ज काढून करू नये.

त्यापेक्षा बिनखर्चाचा एक प्रश्न प्रत्येक ओपीडीत विचारला गेला पाहिजे : ‘कामात लक्ष लागतं का?’ उत्तर नकारार्थी असेल तर थायरॉइड, बी-१२, झोप, दारू आणि झोपेच्या गोळ्या यांची चौकशी व्हावी. उतारवयात विसरभोळेपणा आला की ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे नैराश्य असू शकते. बरे वाटू लागले म्हणून औषध मनाने बंद करू नये. साधारणपणे ते त्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवावे लागते.

पाय मोडलेल्या कर्मचाऱ्याला प्लास्टर निघाल्याच्या दिवशी कोणी पळायला लावत नाही. नैराश्यातून उठणाऱ्यालाही काही आठवडे कमी काम, एका वेळी एकच जबाबदारी आणि लेखी सूचना मिळाव्यात. ही मेहेरबानी नव्हे, उपचाराचाच भाग आहे. मदत हवी असल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.