फुलांचं मशीन घ्यायचंय? आधी वर्षातले दिवस मोजा

फुलांची देठं छाटणारं, पानं काढणारं, जुड्या बांधणारं मशीन व्हिडिओत बघितलं की वाटतं, हेच घ्यावं. त्यात आपल्या उरणमध्ये साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे हातात आलेली बरीच मंडळी धंदा शोधतायत. माझं मत स्पष्ट आहे. मशीन वाईट नाही, पण ते पहिली खरेदी असू नये.

आधी फूल बघा. झेंडू किलोवर सुटा विकला जातो. मोगऱ्याची कळी पहाटे हातानेच खुडावी लागते. या दोघांना देठ छाटायचं मशीन काय कामाचं? ते लागतं लांब देठाच्या फुलांना, म्हणजे मुख्यतः गुलाबाला. मावळात, तळेगाव दाभाडेच्या आसपास पॉलिहाऊसमध्ये गुलाब जवळपास वर्षभर निघतो. व्हॅलेंटाईनच्या आधी परदेशी ऑर्डर असतात. तिथे देठाच्या लांबीनुसार 40, 50, 60 सेंटीमीटर अशी प्रतवारी होते, खालची पानं काढतात, 20 फुलांची जुडी बांधतात. रोज एवढा माल असेल तिथे मशीनला काम मिळतं.

आता हिशोब. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा मशीन 6 लाखांचं, पाच वर्षांचं कर्ज, हप्ता महिना 13,000. म्हणजे वर्षाला 1,56,000. मशीनमुळे दोन माणसांची रोज 400 प्रमाणे मजुरी वाचते, 26 दिवसांचे झाले 20,800. बारा महिने काम असेल तर बचत 2,49,600. छान! पण काम फक्त पाच महिने असेल तर बचत 1,04,000. म्हणजे 52,000 खिशातून गेले, आणि वीज-दुरुस्ती अजून धरलेलीच नाही. मशीन तेच, फरक फक्त दिवसांचा.

कोणी म्हणेल, "आपल्याकडे माणूसच मिळत नाही, सगळे गोदामात नाहीतर बंदरात जातात." मुद्दा खरा आहे. पण माणूस नाही म्हणून मशीन घेतलं, तरी त्यावर फुलं लावायला माणूस लागतोच. आणि माल नसेल तर दोघंही बसून राहणार.

मग सुरुवात कुठून करायची? कंबरेएवढं टेबल, त्यावर सेंटीमीटरच्या खुणा, हातातला पानं काढायचा स्ट्रिपर, धारदार कात्री, स्वच्छ बादल्या. पाण्यात बुडणारी पानं काढाच, ती कुजली की फूल लवकर मान टाकतं. स्ट्रिपर जास्त दाबू नका, देठाची साल निघते. त्यानंतरचा पैसा थंडाव्यात घाला. गुलाबाला 2 ते 4 अंश तापमान लागतं. उरणच्या दमट उकाड्यात वाया जाणारं फूल वाचवणं, हीच पहिली कमाई.

शिकायचं असेल तर तळेगावला पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

या आठवड्याचा गृहपाठ: एक वही घ्या. बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे, तुमच्याकडे किती दिवस आणि किती देठं येणार, ते लिहा. ज्याच्याकडून माल घेणार त्याला विचारून लिहा, अंदाजाने नको. आकडे हप्ता भरण्याएवढे निघाले, तर मशीन बिनधास्त घ्या. नाही निघाले, तर तुमचे 6 लाख वाचले.

भेटू पुढच्या व्हिडिओत!