सरांची रेघ

कॉलेजचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूटवर टाकायचा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्षभर गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्या तरी बाळाचे फोटो. पण यंदा दिवाळीला गावी निघालो आणि विदर्भ एक्स्प्रेसमध्ये टाइमपास म्हणून तो उघडला, तर चक्क एक कामाचा मेसेज! आमच्या आर्ट कॉलेजातून रिटायर झालेल्या प्राध्यापकांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरतंय. सरांची चित्रं तर असणारच, पण ज्यांच्याकडे सरांनी हात लावलेल्या जुन्या शीट्स असतील त्यांनी त्याही पाठवाव्यात.

माझ्या पोटात गोळाच आला. तशी एक शीट माझ्याकडे होती आणि तिच्याबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलं नव्हतं.

माझं गाव चिखला. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमसर रोडला उतरायचं आणि गोबरवाहीच्या दिशेनं निघायचं. गाव ओळखलं जातं ते मॉइलच्या मँगनीजच्या खाणीमुळे. बाबा तिथेच अंडरग्राउंडला होते. ड्युटीवरून आले की त्यांच्या कपड्यांचा काळपटपणा धुऊन धुऊन जात नसे. कॉलेजात पहिल्या वर्षी हे जरा लाजतच सरांना सांगितलं, तर सर खूश! ‘अरे, म्हणजे तू रंगाच्या खाणीतून आलास की!’ अंबर नावाचा जो तपकिरी रंग आम्ही ट्यूबमधून पिळायचो, ती मूळची मातीच. तिचा रंग येतो लोहाच्या आणि मँगनीजच्या ऑक्साइडमुळे. घरची काळी धूळ आणि माझी पॅलेट यांचं काही नातं असेल, असं त्या दिवसापर्यंत डोक्यातही आलं नव्हतं.

मग सर म्हणाले, ‘आणि भंडारा म्हणजे पळशीकरांचा जिल्हा.’

‘कोण पळशीकर?’ मी विचारलं. अख्खा वर्ग हसला.

शंकर पळशीकर. जन्म १९१७, आमच्याच जिल्ह्यातल्या साकोलीचा. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवलं आणि १९६८ ते १९७५ तिथेच अधिष्ठाता होते. १९८४ मध्ये गेले. व्यक्तिचित्रात त्यांचा हात जबरदस्त आणि पुढे तंत्राच्या वाटेनं अमूर्ताकडेही गेले. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते स्वतः मोठे अमूर्त चित्रकार झाले आणि जेजेत दोन दशकांहून जास्त काळ शिकवत राहिले. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांवरही पळशीकरांचा प्रभाव होता, असं जाणकार सांगतात. गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि २०१४ मध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन थेट न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये भरलं. गायतोंडे आता आपल्या ऑफिसातल्या लोकांनाही माहीत झालेत. पळशीकर? आमच्या तुमसरच्या स्टँडवर विचारून बघा.

शिकवणाऱ्याचं हे असंच असतं. चित्रकाराचं काम भिंतीवर दिसतं, त्याच्याखाली नाव असतं, कधी कधी किंमतही असते. मास्तराचं निम्मं काम दुसऱ्याच्या चित्रात जातं आणि तिथे सही दुसऱ्याची असते.

तर, ती शीट. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावरून पेटी काढली. बाबा खालून बघत होते. ‘काहून रे, हे रद्दी आता मुंबईले नेतेस का?’

रद्दीच्या तळाशी ती सापडली. कार्ट्रिज पेपरवरची हेड स्टडी, एका म्हाताऱ्या मॉडेलची. दुसऱ्या वर्षी मी चार दिवस त्यावर घासत होतो आणि गाल काही केल्या बसत नव्हता. सर मागे येऊन उभे राहिले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कानापासून हनुवटीपर्यंत एकच रेघ ओढली. म्हातारा एकदम जिवंत झाला. मला मात्र भयंकर राग आला होता. माझं चित्र ना ते!

पुढे माझ्या पहिल्या जॉबच्या इंटरव्ह्यूला हीच शीट पोर्टफोलिओत होती. समोरच्या माणसानं बाकी सगळं भराभर उलटलं आणि इथे थांबून नेमका त्या रेघेवर बोट ठेवलं. ‘ही लाइन मस्त आहे.’ मी ‘थँक यू’ म्हणालो. सोमवारी जॉइन झालो.

त्यानंतर पगार वाढले, कंपन्या बदलल्या, गाडी आली. पेन्सिल सुटली. पण ते ‘थँक यू’ डोक्यातून गेलं नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी हाफ डे टाकून गेलो. एका भिंतीवर सरांची लँडस्केप्स, पोर्ट्रेट्स. जेमतेम पंधरा. बाकीचा वेळ आमच्यात गेला असणार. समोरच्या भिंतीवर आमच्या शीट्स. माझ्या शीटखाली मी आधीच कळवून दोन नावं लिहून घेतली होती, माझं आणि सरांचं.

सर आले. केस पांढरे झालेत, हातात काठी आहे. त्यांना बाजूला घेतलं आणि इंटरव्ह्यूची सगळी गोष्ट सांगून टाकली. त्यांनी चष्मा वर केला, शीटच्या अगदी जवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. मग कपाळावरच्या एका रेघेवर बोट ठेवलं. ‘ही माझी. हो ना? चांगली आहे.’

ती माझी होती.

मी ‘हो सर’ म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोललो, पण या वेळी घशात काही अडकलं नाही.

तर मंडळी, वीकेंडला मॉलमध्ये जाण्याआधी एकदा माळ्यावर चढा. जुनी वही, जर्नल, लाल पेनानं रंगवलेला निबंध, काय सापडतं ते बघा. त्यातली कुठली रेघ आपली नाही हे अजून ओळखता येत असेल, तर सरांना आजच फोन करा. येत नसेल तर नक्कीच करा.